वाचकांचे प्रश्न : जुनी तलवार आणि तिची आजची प्रतिकृती

दख्खनी शस्त्रांविषयी आमच्याकडे जी पत्रे येतात, त्यांत अलीकडे प्रतिकृतींचा विषय वारंवार येऊ लागला आहे. शिवजयंतीच्या मिरवणुका, नाटके, लग्नसमारंभ आणि दिवाणखान्याची भिंत अशा निमित्तांनी अनेक घरांत नवी तलवार आली आहे, आणि तिच्याकडे पाहूनच पुष्कळांची जुन्या तलवारीविषयीची कल्पना तयार होते. म्हणून या वेळी त्याच विषयावरची पत्रे एकत्र घेतली आहेत.

आमच्या मंडळाने शिवजयंतीसाठी धोप घडणीची, म्हणजे लांब आणि जवळजवळ सरळ पात्याची तलवार विकत घेतली. तिचे वजन दोन किलोंच्या थोडे वर भरते आणि पाच मिनिटे धरली तरी मनगट भरून येते. आपले पूर्वज अशा तलवारी दिवसभर कशा चालवत असतील? (एक वाचक, कोल्हापूर)

पूर्वज अशा तलवारी चालवत नव्हते. वक्र पात्याच्या आणि वाटोळी कटोरी असलेल्या मुठीच्या नेहमीच्या जुन्या तलवारींचे वजन साधारणपणे नऊशे ग्रॅम ते सव्वा किलो एवढे भरते. टोपलीसारख्या मुठीच्या खांडा आणि फिरंग या तलवारी याहून काहीशा जड असतात, पण दोन किलोंची तलवार हा नियम नसून अपवाद आहे. घोड्यावर बसून एका हाताने जे शस्त्र तासन् तास वागवायचे, त्यात अनावश्यक शंभर ग्रॅमही कोणी ठेवू देत नसे.

तरीही केवळ वजनाकडे पाहून फरक पुरता कळणार नाही, कारण दीड किलोची एखादी जुनी तलवार हातात हलकी वाटते आणि तेवढ्याच वजनाची नवी तलवार जड वाटते. याचे कारण पात्याच्या जाडीत आहे. पाते समोरून पाहिले तर त्याची रुंदी आणि वाक दिसतो, आणि प्रतिकृती करणारा कारागीर छायाचित्रावरून नेमके तेवढेच उचलतो. परंतु जुने पाते पाठीच्या बाजूने, डोळ्यासमोर आडवे धरून पाहिले तर ते मुठीजवळ जाड असते आणि टोकाकडे सतत पातळ होत गेलेले दिसते. मुठीपाशी सहा-सात मिलिमीटर आणि टोकाजवळ दोन-अडीच मिलिमीटर अशी मापे मुळीच नवलाची नाहीत. बाजारातली प्रतिकृती बहुधा एकाच जाडीच्या पोलादी पट्टीतून कापलेली असते, त्यामुळे ती मुठीशी जेवढी जाड असते तेवढीच टोकाशी राहते.

हा फरक किती मोठा आहे हे साध्या हिशेबाने पाहता येते. पंच्याऐंशी सेंटिमीटर लांबीची आणि एकाच रुंदीची दोन पाती घ्या. एक सर्वत्र चार मिलिमीटर जाड आहे. दुसरे मुठीशी सहा मिलिमीटर असून समान उताराने टोकाशी दोन मिलिमीटर होते. दोन्हींचे वजन तंतोतंत सारखे भरेल. पण पहिल्याचा तोल बरोबर मध्यावर, म्हणजे मुठीपासून साडेबेचाळीस सेंटिमीटरवर येईल आणि दुसऱ्याचा सुमारे साडेपस्तीस सेंटिमीटरवर, म्हणजे पहिल्यापेक्षा हाताच्या सात सेंटिमीटर अधिक जवळ. मुठीभोवती पाते फिरवायला आणि फिरलेले पाते थांबवायला जो जोर लागतो, तो दुसऱ्या पात्यात पहिल्यापेक्षा एक चतुर्थांशाने कमी असेल. त्यात जुन्या तलवारीच्या लोखंडी मुठीचे वजन मिळाले म्हणजे तोल आणखी मागे सरकतो. आपल्या तलवारीत हे दोन्ही उलटे झाले असावे : पाते शेवटपर्यंत जाड आणि मूठ हलक्या धातूची. मनगट भरून येते ते त्यामुळे.

पात्यावरून लांबवर जाणाऱ्या पन्हळीविषयीही येथेच लिहितो, कारण ती रक्त वाहून जाण्यासाठी असते असे अनेकांनी पत्रांतून कळवले आहे. रक्ताशी तिचा काहीही संबंध नाही. पात्याचा ताठपणा फारसा न घालवता मधले पोलाद कमी करून वजन उतरवणे, एवढेच तिचे काम आहे. जुन्या पात्यांत ही पन्हळ बारकाईने उतरवलेली असते आणि टोकाकडे तिची खोली बदलते. अनेक प्रतिकृतींत ती नुसती शोभेची, यंत्राने ओढलेली उथळ रेघ असते.

‘अस्सल दमास्कस पोलाद’ म्हणून लाटांसारखी नक्षी असलेली नवी तलवार विकली जाते. जुन्या तलवारींवर दिसणारी नक्षी हीच का? (एक वाचक, नाशिक)

ही नक्षी ती नव्हे, आणि या दोन नक्षींत गल्लत होणे हे या विषयातले फार मोठे दुर्दैव आहे, कारण यात भारताच्या एका श्रेष्ठ विद्येचे श्रेय हरवते.

जुन्या पात्यावरची नक्षी, जिला फारसीत जौहर म्हणत, ती बाहेरून काढलेली नसून पोलादाच्या पोटातून आलेली असते. मातीच्या लहान मुशीत लोखंड आणि लाकूड-पाला यांसारखे कार्बन देणारे पदार्थ घालून मूस बंद करीत, ती दीर्घकाळ तापवून आतला माल वितळवीत आणि मग सावकाश थंड होऊ देत. या रीतीने सुमारे सव्वा ते पावणेदोन टक्के कार्बन असलेले पोलादाचे गोळे तयार होत. दक्षिण भारतात आणि दख्खनच्या पूर्व भागात ही विद्या चांगलीच रुजली होती. आजच्या तेलंगणातील कोनसमुद्रम हे गाव त्यासाठी प्रसिद्ध होते आणि तेथला माल घेण्यासाठी इराणी व्यापारी येत. हा गोळा फार न तापवता, पुनःपुन्हा ठोकून लांबवला की त्यातील कठीण कणांच्या रांगा तयार होतात आणि पाते घासून त्यावर सौम्य आम्ल फिरवले की त्या रांगा लाटांसारख्या उमटतात. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जॉन व्हरहोव्हेन हे धातुशास्त्रज्ञ आणि अल्फ्रेड पेंड्रे हे लोहार यांनी मिळून असे दाखवून दिले की, कणांच्या या रांगा लागण्यामागे लोखंडात अत्यल्प प्रमाणात असलेल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंचा हात असतो. म्हणजे कोणत्या खाणीचे लोखंड वापरले यावरही नक्षी अवलंबून होती.

आज जे दमास्कस म्हणून विकले जाते ते वेगळ्या रीतीने होते. दोन प्रकारच्या पोलादांच्या पट्ट्या, बहुधा एक साध्या कार्बनी पोलादाची आणि एक निकेलयुक्त पोलादाची, एकावर एक रचून तापवून एकजीव करतात, दुमडतात, पिळतात आणि शेवटी आम्लात बुडवतात. निकेलचा थर चकचकीत राहतो आणि दुसरा काळवंडतो. हे काम मनापासून केले तर तेही कसबाचे आहे आणि ते सुंदर दिसते. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्यात मुशीचे पोलाद नसते. याहून खालच्या दर्जाच्या तलवारींवर तर नक्षी केवळ छापलेली असते. अशी नक्षी थोडी घासली की निघून जाते, कारण खाली साधी पट्टी असते. डोळ्यांनी पाहायचे तर, दोन पोलादांच्या नक्षीत ठळक, जाड पट्टे आणि स्पष्ट सीमा असतात. जौहर मात्र बारीक आणि अनियमित असते आणि पाते प्रकाशात फिरवले की वाहत्या पाण्यासारखे दिसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. जुनी तलवार म्हणजे उत्तम पोलाद आणि नवी म्हणजे वाईट, असे समजणे चुकीचे ठरेल. जुन्या पात्यांपैकी मोठा भाग जौहरदार नव्हताच. त्यांत धातूच्या मळीचे कण राहिलेले सापडतात, कठीणपणा जागोजागी बदलतो आणि पाणी दिलेले, म्हणजे तापवून एकदम थंड केलेले पोलादही सर्वत्र सारखे उतरलेले नसते. उलट ट्रकच्या कमानीचे पाटे ज्या जातीच्या पोलादाचे असतात, त्या पोलादाला नीट पाणी देऊन केलेले आजचे पाते स्वच्छ, एकसारखे आणि लवचीक असते. नुसत्या पोलादाची तुलना केली तर ते अनेक जुन्या पात्यांना मागे टाकेल. आजचे कारागीर कमी पडतात ते घाटात, पोलादात नव्हे.

न गंजणाऱ्या स्टेनलेस पोलादाची गोष्ट मात्र वेगळी आहे. भिंतीवर लावायच्या बहुतेक स्वस्त तलवारी त्याच्या असतात. त्यात साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असते आणि चाकूएवढ्या लांबीला ते उत्तम चालते, पण तलवारीएवढ्या लांब पात्यात ते आघाताने तुटण्याचा धोका असतो. शिवाय अशा पात्याचे मुठीत शिरणारे शेपूट पुष्कळदा जेमतेम बोटाएवढे, तेही वितळजोडाने, म्हणजे वेल्डिंगने, चिकटवलेले असते. अशी तलवार मिरवणुकीत फिरवू नये. तुटलेले पाते समोरच्या गर्दीत जाऊन पडेल. शिवाय असे पोलाद इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली तयार केले, त्यामुळे न गंजणारी तलवार कोणी शिवकालीन म्हणून दाखवत असेल तर पुढची चर्चा करण्याचे कारणच उरत नाही. ही परीक्षा लोहचुंबकाने होते असे काही जण सांगतात. ते खरे नाही, कारण स्टेनलेसच्या काही जातींना चुंबक चिकटते.

संग्रहालयातल्या तलवारींच्या मुठी इतक्या लहान का असतात? माझा हात त्यांत मावणार नाही. तेव्हाची माणसे लहानखुरी होती का? (एक वाचक, पुणे)

मुठीच्या मापावरून माणसाचे माप काढू नये. ही मूठ हाताला घट्ट बसावी म्हणूनच लहान केलेली असते. चारही बोटे आडवी गच्च बसतात, किंवा तर्जनी आडव्या दांड्यावरून पुढे टाकली जाते आणि मागची कटोरी तळहाताला टेकते. हात मुठीत सैल हलत नाही, त्यामुळे वार सबंध हातातून, खांद्यापासून ओढून घेतला जातो आणि वक्र पाते कापत जाते. नवे कारागीर आजच्या गिऱ्हाइकाला आरामशीर वाटावे म्हणून मूठ बोटभर लांब करतात. त्याबरोबर कटोरीचा आधार जातो, मनगट मोकळे होते आणि तलवार चालवण्याची पद्धतच बदलते.

मूठ बसवण्याची रीतही निराळी आहे. जुनी मूठ लोखंडाची, आतून पोकळ असते. पात्याचे आखूड शेपूट तीत घालून पोकळी राळ-लाखेच्या तापवलेल्या मिश्रणाने भरतात. थंड झाल्यावर ते दगडासारखे घट्ट बसते, आणि पाते बदलायचे झाल्यास मूठ शेकून ते सोडवता येते. प्रतिकृतीत मूठ बहुधा पितळेची किंवा ॲल्युमिनियमची ओतीव असते आणि मागे मळसूत्र व नट असतो. ओतीव मुठीवर साच्याच्या दोन भागांची रेघ आणि बारीक छिद्रे दिसतात, तर घडीव मुठीच्या परजेवर, म्हणजे बोटांचे रक्षण करणाऱ्या वाकवलेल्या पट्टीवर, हातोड्याने आलेली सूक्ष्म असमानता जाणवते. सोन्याच्या कामातही हाच भेद आहे. कोफ्तगरीत लोखंडावर आधी बारीक आडव्या-तिडव्या रेघा ओढून पृष्ठ खरबरीत करतात आणि त्यात सोन्याची तार ठोकून बसवतात. जुने सोने झिजलेल्या जागी त्या रेघा भिंगातून स्पष्ट दिसतात. नव्या मुलाम्याखाली गुळगुळीत धातू असतो.

आमच्या घरी टोपलीच्या मुठीची एक तलवार आहे. पात्यावर रोमन लिपीत काही अक्षरे आहेत. ती पाहून एका जाणकाराने ती नकली ठरवली. हे बरोबर आहे का? (एक वाचक, नागपूर)

केवळ त्या अक्षरांवरून तसे ठरवणे बरोबर नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातून आलेली पाती दख्खनमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरली जात आणि त्यांना येथल्या मुठी बसवल्या जात. फिरंग हे नावच तेथून आले. जर्मन पात्याच्या तलवारीला आलेमानी म्हणत. आपल्याच शहराशी संबंध असलेले उदाहरण घ्या. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ साली लंडनमधील लिलावातून मिळवली आणि ऑगस्ट महिन्यात ती मुंबईत आली. तिचे पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय बनावटीचे आहे, त्यावर ते बनवणाऱ्याचे नाव आहे, मूठ मात्र मुल्हेरी म्हणवल्या जाणाऱ्या येथल्या घडणीची आहे आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने रघुजींचे नाव देवनागरीत लिहिलेले आहे. सेनासाहेब सुभ्याच्या पदावरच्या सरदाराला परदेशी पाते वापरण्यात कमीपणा वाटत नव्हता.

याला आणखी एक पदर आहे. युरोपीय पात्यांना मान असल्यामुळे येथले लोहार त्याच काळात त्यांच्या खुणांची नक्कल करीत : जेनोआ शहराचे नाव, पापण्यांच्या केसांसारख्या दोन वक्र दातेरी रेघा, कधी अर्थ न लागणारी रोमन अक्षरे. म्हणजे आपल्या तलवारीवरची अक्षरे चुकीची निघाली तरी पाते तीनशे वर्षांचे असू शकते. नक्कल आहे, पण ती इतिहासाचाच भाग आहे. पाते आणि मूठ वेगवेगळ्या काळांतली असणे हेही नेहमीचेच आहे, कारण पाते तुटले की मूठ टाकून देत नसत आणि मूठ मोडली की पाते. त्याउलट ज्या खुणा संशयास्पद मानाव्यात त्या अशा : सांध्याच्या कोनात विजेच्या वितळजोडाचा मणी दिसणे, पाते ग्राइंडरने घासल्याच्या समांतर चकचकीत रेघा, आणि सर्वांगावर एकसारखा नारिंगी गंज. जुना गंज काळपट तपकिरी, घट्ट आणि जागोजागी कमीजास्त असतो. आम्लाने किंवा खारट मातीत पुरून आणलेला गंज भुसभुशीत असतो आणि बोटाला लागतो. शिकलगाराने वर्षानुवर्षे धार लावलेले पाते वापराच्या भागात थोडे अरुंद झालेले असते. ही झीज खोटी करायला फार कष्ट पडतात, म्हणून मी प्रथम तिकडे पाहतो.

खंडेनवमीला आमच्या देवघरातली जुनी तलवार आम्ही चिंच आणि रांगोळीने घासून लख्ख करतो. काही जण नवी तलवार पूजेला ठेवून जुनी कपाटात ठेवा असे सुचवतात. काय करावे? (एक वाचक, सातारा जिल्हा)

चिंच, लिंबू आणि रांगोळी यांचा वापर कृपा करून याच वर्षी थांबवावा. चिंच आणि लिंबू यांतले आम्ल दरवर्षी लागत राहिले की जौहर खाऊन टाकते आणि रांगोळीची पूड कोफ्तगरीचे सोने, पात्यावरची अक्षरे आणि पाठीवरच्या खुणा घासून नाहीशा करते. एकदा गेलेली अक्षरे परत येत नाहीत, आणि पुष्कळदा घराण्याचा इतिहास सांगणारा तेवढाच लेख असतो. पूजा जुन्याच तलवारीची करावी. हळदकुंकू ओले न लावता चिमूटभर कोरडे वाहावे, पूजा झाल्यावर ते मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे, आणि पात्यावर पातळ खनिज तेलाचा अगदी हलका हात फिरवावा. खोबरेल किंवा गोडेतेल वापरू नये, ते काही महिन्यांनी चिकट होऊन धूळ धरते. चामड्याच्या किंवा कापडाने मढवलेल्या जुन्या म्यानात पाते कायम ठेवू नये, कारण म्यान ओल धरते.

अशी वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली ती पुरावस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या भावंडांना ती पाठवण्याचा विचार असल्यास हे ध्यानात ठेवावे. धारदार तलवार बाळगण्याविषयीचे शस्त्र कायद्याचे नियम जागेनुसार बदलतात. आपल्या पोलीस ठाण्यात लेखी विचारणा करून उत्तर जपून ठेवावे.

मी स्वतः तलवारी आणि दांडपट्टे बनवतो. माझ्या प्रतिकृती मूळ शस्त्रांच्या जवळ जाव्यात यासाठी काय बदल करावा? (एक कारागीर वाचक, सांगली जिल्हा)

आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला. छायाचित्रे बाजूला ठेवून मापे मिळवा. एखाद्या संग्रहालयाला लेखी विनंती करून एकाच जुन्या तलवारीची पाच ठिकाणची जाडी, एकूण वजन आणि तोलाची जागा व्हर्नियरने व तराजूने मोजून घ्या; एका तलवारीची पूर्ण मापे शंभर चित्रांपेक्षा अधिक शिकवतील. पट्टी सुरुवातीला हव्या त्या जाडीपेक्षा थोडी जाड घ्या आणि उतार ऐरणीवर घडवून किंवा निदान घासून काढा. मूठ लोखंडाची करा, बोटांच्या मापाची ठेवा.

दांडपट्ट्याला २०२४ साली राज्यशस्त्राचा मान मिळाल्यापासून त्याची मागणी वाढली असेल. मर्दानी खेळासाठी आपण बहुधा पातळ, फार लवणारी पट्टी वापरत असाल, आणि खेळाला ती योग्यच आहे. जुन्या लढाऊ पट्ट्याचे पाते लवचीक असले तरी त्याच्यात वाराला पुरेसा ताठपणा असतो आणि कोपरापर्यंत येणारे लोखंडी हस्तत्राण आतून मऊ अस्तराने भरलेले असते, त्यातला आडवा दांडा मुठीत धरायचा असतो. दोन्ही प्रकार वेगवेगळे बनवा आणि गिऱ्हाइकाला कोणता दिला ते बिलावर लिहा.

आणखी एक विनंती आहे. पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, आपले नाव, गाव आणि साल खोल कोरा. हात चांगला बसल्यावर आपले काम जुन्याच्या इतके जवळ जाईल की पन्नास वर्षांनी कोणीतरी ते अठराव्या शतकातले म्हणून विकायला काढेल, आणि तेव्हा ते कोरलेले साल कोणाला सहज घासून काढता येऊ नये.